कडीच्या डब्यातला चीक

देवव्रत गर्गेला घरून मोगरा आणायला पाठवलं होतं, एवढं आधी लक्षात असू द्या. पुढे या गोष्टीत वेल येईल, रबर येईल, आत्याबाईंची कवळी येईल आणि तुम्ही मोगऱ्याला विसरून जाल. देवव्रतही विसरला होता, आणि जे काही झालं ते त्या विसरण्यापासूनच सुरू झालं.

पंचवटीत हिरावाडीला त्यांचं रो-हाउस. पुढे जे आहे त्याला अंगण म्हणायचं तर म्हणा, नाहीतर स्कूटर लावायची जागा म्हणा. घरात देवव्रत, त्याची बायको संपदा आणि त्याचे आईवडील. वडील बाळाजी गर्गे, घरात सगळ्यांचे अप्पा. रामकुंडावर यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं चालवण्यात त्यांचा जन्म गेला. आई सुधा. दारात मोगरा हवा होता तो तिला. ती स्वतःसाठी कधी काही मागत नसे, त्यामुळे तिने मागितलं म्हणजे ते आलंच पाहिजे, असं संपदाने नवऱ्याला बजावलं आणि एका रविवारी त्याला पेठ रोडच्या नर्सरीत धाडलं.

देवव्रत सरकारी कचेरीत हेडक्लार्क. (खातं कोणतं ते विचारू नका, त्यांनाही उगाच कशाला त्रास.) फायलीत समोर जे असतं ते सोडून कोपऱ्यातलं वाचत बसायची त्याला जुनी खोड. नर्सरीतही तेच झालं. मोगऱ्याच्या कुंड्या समोर ओळीने मांडलेल्या होत्या, आणि हा गडी कोपऱ्यात पडलेल्या एका काळ्या पिशवीपाशी जाऊन उभा राहिला. पिशवीत चकचकीत पानांचं वीतभर रोप होतं. नर्सरीवाला मोतीराम हळूच जवळ आला. रोपांचं त्याला कितपत कळायचं कोण जाणे, पण गिऱ्हाईक कुठे घुटमळतंय हे बरोबर कळायचं.

"आफ्रिकेची येल हाय साहेब. रबरयेल. फळं खायाची, आन् खोडाला चीर दिली का चीक गळतो, त्याचं रबर व्हतं. नाशकात कोणाकडं नाय."

शेवटचं वाक्य देवव्रतच्या काळजाला लागलं. नाशकात कोणाकडे नाही असं त्याच्याकडे आजवर काहीही नव्हतं. नोकरी होती ती सगळ्यांसारखी, स्कूटर होती ती सगळ्यांसारखी, आडनावसुद्धा पंचवटीत हाक मारली तर चार जण वळून बघतील असं. त्याने एकदा मोगऱ्याकडे पाहिलं. मोगरा नाशकात घरोघरी होता. त्याने वेल घेतली.

घरी संपदाने पिशवी हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली आणि काहीच बोलली नाही. लग्न होऊन बरीच वर्षं झाली की बायका अशा वेळी बोलत नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. सुधाच म्हणाली, "असू दे गं. वेल तर वेल. मोगरा पुढच्या रविवारी आणेल तो." पुढचा रविवार त्यानंतर कॅलेंडरात पुष्कळदा येऊन गेला. मोगरा काही आला नाही.

पण वेल सुधानेच वाढवली, हे सांगायला हवं. भाजी धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं त्या वेलीच्या बुडाशी. वेल आधी फाटकावर गेली, मग खिडकीच्या गजांतून वर चढली, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला तिने मिठी मारली. कुटुंब एकदा लग्नाला नांदगावला जाऊन आलं तर स्कूटर सोडवून घ्यायला कात्री लागली. संपदा रोज दार उघडताना "मोगऱ्याचं काय झालं" असं वेलीकडे बघून विचारी, आणि देवव्रत वेलीच्या आडून सटके.

मग एका सकाळी सुधा उठलीच नाही. झोपेतच गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वेलीला पहिली फळं आली, नारंगी, जाड सालीची, आत आंबटगोड गर. सगळ्या गल्लीने खाल्ली. अप्पांनी एकही तोंडाला लावलं नाही.

अप्पांचंच खरं दुखणं होतं. ज्या माणसाने रामकुंडावर हजारो लोकांना धीर दिला, त्याने बायकोची सगळी कृत्यं खणखणीत आवाजात पार पाडली, डोळ्यांतून पाणी काढलं नाही, आणि चौदाव्या दिवशी अप्पा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. गंगेवर जाणं बंद झालं. गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात, आणि अप्पा एके काळी तापातसुद्धा सकाळी गंगेवर जाऊन यायचे. आता ताटात पडेल ते चिवडायचे आणि उठायचे. काय हवं विचारलं तर म्हणायचे, काही नको. भाजी कोणती करू? काही नको. डॉक्टरांना बोलावू? काही नको. असं नको नको म्हणत माणूस एक दिवस गुपचूप निघून जातो, अशी भीती देवव्रतच्या पोटात बसली होती. ती त्याने कुणाला सांगितली नाही. संपदाच्याही पोटात तीच होती, तिनेही सांगितली नाही.

त्यातच अप्पा एकदा मोरीच्या पॅसेजमध्ये घसरले. लागलं नाही फारसं, पण काठीचं खालचं रबराचं बूच झिजून नुसतं लाकूड उरलंय हे देवव्रतच्या लक्षात आलं. मेन रोडला असली रबरं टोपलीभर मिळतात. दुसऱ्या कुणी जाऊन आणलं असतं. देवव्रतच्या मनात मात्र आलं की आईने वाढवलेल्या वेलीचं रबर अप्पांच्या काठीला बसवावं. म्हणजे अप्पा चालतील तेव्हा आई खाली टेकू देईल, असं काहीसं. हे मोठ्याने बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. तरी त्याने संपदाला सांगितलं. मिक्सर चालू असताना सांगितलं. ती "बरं" म्हणाली. (मिक्सर चालू असला की ती सगळ्यालाच बरं म्हणे, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.)

आता नीट ऐका, कारण गोष्ट इथे वळते.

एका संध्याकाळी देवव्रत गच्चीवर टाकीभोवतीची वेल सोडवत होता. खाली अप्पा खिडकीकडे तोंड करून बसलेले, संपदा कणीक मळत होती. आणि अप्पा खिडकीलाच सांगावं तसं म्हणाले, "खरवस खावासा वाटतोय."

संपदाचे हात कणकेतच राहिले. सुधा गेल्यापासून दोन वर्षांत या माणसाने पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. ती तशीच कणकेच्या हातांनी जिन्यापाशी धावली. खरवसाला चीक लागतो, गाय-म्हैस व्यायल्यावरचं पहिलं दूध, आणि तो काही पिशवीत भरून दुकानात मिळत नाही. कुणाचा गोठा, कुणाची म्हैस कधी व्यायली, सगळी चौकशी करावी लागते. तिने जिन्यातून वर हाक दिली की अप्पांसाठी चीक हवाय, उद्या काहीही करून.

वर देवव्रतच्या हातात वेलीचा चिकाळ फाटा होता. त्याने ऐकलं ते एवढंच: अप्पांसाठी चीक. बायकोने आपलं बोलणं लक्षात ठेवलं, काठीचं रबर तिच्याही मनात आहे, या विचाराने त्याला भरून आलं. तो वरून म्हणाला, "हो, उद्या सकाळीच काढतो."

खाली संपदाला ऐकू आलं ते एवढंच: हो.

सकाळी उजाडता उजाडता त्याने वेलीच्या जाड बुंध्याला चिरा दिल्या. वेलही अशी उदार की पांढरा दाट चीक धारेने गळायला लागला. हाताशी भांडं हवं म्हणून त्याने माळ्यावरून कडीचा डबा काढला. घरात डबे काय कमी होते? पण नेमका तोच. मखमलाबादच्या नवसाबाईंच्या गोठ्यातून सुधा याच डब्यातून चीक आणायची. नवसाबाई दर वेताला आठवणीने निरोप धाडायच्या, आणि सुधा डबा कधी रिकामा परत करायची नाही, तांदूळ नाहीतर गूळ घालून द्यायची. देवव्रतला हे काहीच आठवलं नाही. त्याला डब्याची कडी आवडली, फांदीला अडकवायला बरी होती.

डबा भरला तसा त्याने फ्रीजमध्ये नेऊन ठेवला आणि न्हाणीघराच्या दारावर टकटक केलं.

"चीक फ्रीजमध्ये ठेवलाय."

"मिळाला?" आतून संपदाचा आवाज.

"मिळाला म्हणजे काय, डबा भरून."

आणि साहेब स्कूटर काढून कचेरीला गेले.

संपदाने फ्रीज उघडला. तिला सर्दी झाली होती, वास कशाचा येतोय आणि कशाचा नाही हे कळायला मार्ग नव्हता. समोर सासूबाईंचा कडीचा डबा, आत पांढराशुभ्र दाट चीक. तिने तो डबा उचलून ओट्यावर ठेवला. म्हणजे हा माणूस पहाटे उठून मखमलाबादला गेला. डबासुद्धा आठवणीने तोच नेला. इतक्या वर्षांत सांगितलेली वस्तू, सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या मापात नवऱ्याने पहिल्यांदा आणली होती. मोगऱ्याचं तिने मनातल्या मनात माफ करून टाकलं. मग तिने सिडकोतल्या प्रतिभाआत्यांना फोन लावला. प्रतिभाआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. दादाने खरवस मागितला हे ऐकून त्या फोनवरच रडल्या आणि रिक्षा करून निघाल्या.

डबा पातेल्यात ओतताना संपदाला शंका आली. तिने कचेरीत फोन केला. देवव्रतने तो टेबलाखाली वाकून घेतला.

"अहो, पहिल्या धारेचा आहे ना?"

"पहिल्याच. याआधी कधी काढलाच नव्हता कोणी."

"तुम्ही स्वतः उभं राहून काढून घेतलात?"

"काढून घेतला कसला, स्वतःच्या हाताने काढला. हात अजून चिकट आहेत."

म्हशीखाली बसलेला आपला नवरा संपदाच्या डोळ्यांसमोर आला. मग ती म्हणाली, "फार दाट आहे हो."

"दाटच चांगला. ऊब लागली की बसतो लगेच. मी संध्याकाळी येऊन करतो ना."

"तुम्ही कशाला, मी करते. तुम्ही एवढं केलंत."

देवव्रत टेबलाखाली आणखी वाकला. "तुला जमेल?"

"आईंनी शिकवलंय मला."

इथे कोणाही शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती की आई रबर करायला कधी शिकली. देवव्रतलाही आली. पण त्याने विचार केला, इतकी वर्षं वेलीला पाणी घातलं तिने, तिला काय काय येत असेल आपल्याला काय ठाऊक. आपण तिला कधी विचारलंच नाही. तो काही वेळ तसाच टेबलाखाली वाकून बसला. "अप्पांना कितीसं लागणार," तो शेवटी म्हणाला, "उरेल ते माझ्या चपलेला होईल." पण तोवर संपदाने फोन ठेवला होता.

तिने चीक घेतला, त्यात दूध घातलं, गूळ चिरून घातला, वेलदोडे कुटून घातले, वर जायफळ किसलं आणि कुकरला शिटी न लावता ठेवून दिला. खरवसाच्या बाबतीत तिचा हात कधीच खात्रीचा नव्हता. कधी पाणी सुटायचं, कधी खिमा व्हायचा. सुधाचा खरवस म्हणजे काही औरच, असं सुधा गेल्यापासून सगळे म्हणत. (ती होती तेव्हा असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही, पण गेलेल्या माणसाच्या हाताला चव चढते ती चढतेच.) म्हणून झाकण काढताना संपदाने देवाचं नाव घेतलं.

खरवस बसला होता. असा बसला होता की तिने भांडं तिरकं केलं तरी हलेना, उपडं केलं तरी पडेना. बोट दाबलं तर बोट आत गेलं आणि सोडल्यावर खरवस जागच्या जागी परत आला. पहिल्या धारेचा चीक तो हाच, असं म्हणून ती मनात नवसाबाईंच्या म्हशीच्या पाया पडली. वड्या पाडायला सुरी घातली तर सुरी नुसती डोलली. तिने विळी घेतली. विळीने हात टेकले. शेवटी तिने ज्या कात्रीने वेल छाटत त्याच कात्रीने वड्या कापल्या.

खरवस झाल्याचं कळताच अप्पा कुणी न बोलावता खुर्चीतून उठले. भिंतीला हात लावत, काठी घसरेल म्हणून जपून टेकत, ते दिवाणखान्यात येऊन पानावर बसले. प्रतिभाआत्या आल्या होत्या आणि आल्यापासून बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याला पंचवटीत कोणी खंड पाडल्याचं आठवत नाही. संपदाने दोघांपुढे वाट्या ठेवल्या. आत्यांनी बोलता बोलताच वडी तोंडात टाकली, दात रोवले, आणि बोलणं थांबलं. वरची कवळी आणि खालची कवळी यांची वडीत भेट झाली होती आणि आता त्या वेगळ्या व्हायला तयार नव्हत्या. आत्यांचे डोळे मोठे झाले. संपदाला वाटलं, त्यांना वहिनींची आठवण आली.

अप्पांनीही आपली वडी उचलली आणि तोंडात ठेवली.

तेवढ्यात देवव्रत आला. काठीच्या बुचाचा साचा त्याने वाटेत प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये करून घेतला होता, तो हातात धरूनच तो मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात गेला. संपदा मागोमाग आली.

"चीक कुठाय?"

"झाला की. छान बसलाय."

"बसला?" देवव्रतचा चेहरा उजळला. मग त्याने पातेल्यात उरलेल्या गोळ्याला नाक लावलं. "याला वेलदोड्याचा वास का येतोय?"

"मग खरवसात वेलदोडा घालत नाहीत?"

"कशात?"

त्याच्या हातातला प्लास्टरचा साचा तिने पाहिला. त्याने कडीचा डबा पाहिला, धुऊन पालथा घातलेला. मग तिने खिडकीबाहेरची वेल पाहिली, तिच्या बुंध्यावरच्या ताज्या चिरा पाहिल्या. कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. दोघं एकाच वेळी दिवाणखान्याकडे वळली आणि दारात एकमेकांवर आपटली.

अप्पा डोळे मिटून चावत होते.

"अप्पा, थुंका ते," देवव्रत म्हणाला.

अप्पांनी उजवा हात वर केला. घाटावर संकल्प चालू असताना यजमान मध्येच बोलायला लागला की ते असाच हात वर करायचे. देवव्रत लहानपणापासून त्या हाताला घाबरत आला होता, तो आताही थांबला. आत्या तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. संपदा रडायच्या बेतात होती. दोन वर्षांनी या माणसाने एक गोष्ट मागितली आणि आपण त्यांना वेलीचं रबर वाढलं, यापुढे ते आयुष्यात काही मागायचे नाहीत, असं तिच्या मनात आलं. देवव्रतच्या मनातही अगदी तेच आलं, फक्त त्याने त्यात "माझ्यामुळे" हा शब्द घातला.

"अप्पा, ते रबर आहे," तो अखेर म्हणाला. "वेलीच्या चिकाचं. तुमच्या काठीसाठी काढला होता मी."

अप्पांनी डोळे उघडले. वडी तोंडातून काढून वाटीत टाकली. वडी वाटीत एकदा उडाली आणि मग शांत बसली. अप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"सुधाचा खरवस असाच व्हायचा," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"वातड. अगदी असाच. लग्नानंतर पहिल्यांदा तिने केला तेव्हा मी म्हटलं, फक्कड झालाय. नवी नवरी, काय सांगायचं तिला. झालं. मला आवडतो म्हणून तिने जन्मभर केला. कुठे म्हैस व्यायली की डबा घेऊन धावायची. मी चावायचो." अप्पांनी वाटी जरा पुढे सरकवली. "काल उगाच दाढ दुखल्यासारखं झालं, आणि एकदम वाटलं, आता आपल्याला तो कोण करून घालणार."

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ठसका लागला. संपदाने पाणी पुढे केलं. आणि हसता हसताच ते रडायला लागले, लहान मुलासारखे, मोठ्याने, दोन वर्षांचं सगळं. त्यांना गप्प करायला कुणी गेलं नाही. देवव्रत जमिनीवर त्यांच्या पायापाशी बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर त्याने हात ठेवला. हात अजून चिकट होता, तो तिथेच चिकटला, आणि त्यानेही तो सोडवला नाही.

बऱ्याच वेळाने अप्पांनी डोळे पुसले. "भूक लागलीय," ते म्हणाले. "वरणभात आहे का? तूप घाल गं जरा."

संपदा स्वयंपाकघरात गेली आणि तिने ओट्याला धरून आधी पोटभर रडून घेतलं, मग भात लावला. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी आधी म्हैस कुणाची हे विचारलं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, चूळ भरायला लावा, काही त्रास वाटला तर लगेच आणा, आणि तुम्हीही जरा विश्रांती घ्या. आत्यांच्या कवळ्या कोमट तेलात भिजवून सोडवाव्या लागल्या. दात परत बसल्यावर त्यांनी मधल्या शांततेची सगळी भरपाई केली.

उरलेला गोळा देवव्रतने गरम करून साच्यात दाबला, आणि खरं सांगायचं तर बूच झकास झालं. काठीला घट्ट बसलं, फरशीवर जराही सरकेना. अप्पांनी घरात दोन फेऱ्या मारून पाहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते गंगेवर निघाले. एकच अडचण होती. रबरात गूळ होता. काठी रात्री कोपऱ्यात उभी केली की सकाळी तिला खालून वीतभर मुंग्या चढलेल्या असत. अप्पा रोज फाटकाशी काठी आपटून मुंग्या झाडत आणि मग वेलीखालून वाकून बाहेर पडत. घाटावर जुन्या मंडळींनी विचारलं, बूच कुठून आणलंत, छान दिसतंय. अप्पा सांगत, "सूनबाईने केलंय घरी. खरवसाचं आहे." देवव्रतचं नाव त्यात कुठे येत नसे.

त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटत होतं ते वेगळंच. आईने एकच वस्तू मागितली होती, ती आपण आणली नाही, आणि ती तशीच गेली. पुढच्या रविवारी तो कुणी न सांगता उठला आणि पेठ रोडला गेला. या खेपेला त्याने कोपऱ्याकडे मान वळवली नाही. मोतीरामने तोंड उघडायच्या आत त्याने सांगितलं की मोगरा हवा, दुसरं काही नको, आफ्रिकेचं तर मुळीच नको. मोतीराम म्हणाला, "हा घ्या साहेब, डबल मोगरा, लय फुलतो." हिरव्यागार पानांची, टपोऱ्या पांढऱ्या कळ्यांची कुंडी. देवव्रतने ती स्कूटरवर दोन पायांत धरून जपून घरी आणली.

फाटकाशी, जिथे सुधा उभी राहून वेलीला पाणी घालायची, तिथे त्याने खड्डा खणला आणि रोप लावलं. संपदा बाहेर येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही, पण हे न बोलणं चांगल्यातलं होतं. अप्पा काठी टेकत आले. ओणवे होऊन त्यांनी रोपाकडे नीट पाहिलं, एक कळी बोटाने उचलून नाकाशी नेली, मग एक पान देठापासून खुडलं.

देठाच्या टोकाला पांढरा थेंब आला. टपोरा झाला आणि अप्पांच्या बोटावर ओघळला.

"देवा," अप्पा म्हणाले, "मोगऱ्याला चीक नसतो रे. ही तगर आहे."

देवव्रत मातीच्या हातांनी खड्ड्यापाशी तसाच उकिडवा बसून राहिला. अप्पांनी बोट संपदापुढे धरलं.

"सूनबाई, कडीचा डबा आण."